नव्या देशात पहिली गाडी घेताना: रन-फ्लॅट टायर की साधे?

गाडी बघायला गेलात की सगळ्यात आधी डिकी उघडा आणि तळाचं झाकण उचला. खाली चारपैकी एक गोष्ट दिसेल: पूर्ण आकाराची स्टेपनी, बारीक तात्पुरती स्टेपनी, भोक बुजवणाऱ्या द्रावाची बाटली आणि हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, किंवा काहीच नाही. काहीच नसेल तर गाडीला बहुधा रन-फ्लॅट टायर आहेत, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे. गाडी वापरलेली असेल, तर आधीच्या मालकाने रन-फ्लॅट काढून साधे टायर चढवलेले असणंही शक्य आहे. मग पंक्चर झाल्यावर तुमच्या हातात काहीही उरत नाही. नव्याने आलेल्यांची सर्वात जास्त फसगत इथे होते, म्हणून आधी डिकी.

टायरची चर्चा सहसा आराम आणि पकड याभोवती फिरते. नव्या माणसासाठी प्रश्न वेगळा आहे. पहिली एक-दोन वर्षं रात्री अकराला फोन करून बोलवता येईल असं माणूस जवळ नसतं, कुठलं दुकान किती वाजता बंद होतं ते ठाऊक नसतं, आणि मदतीच्या क्रमांकावर अनोळखी भाषेत ठिकाण सांगणं कठीण जातं. त्यामुळे टायर निवडताना आधी स्वतःला विचारा: हवा गेली त्या क्षणी मी कुठे असेन, आणि तिथून पुढे कसा जाईन?

साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते. बाजूची भिंत पातळ आणि लवचीक असते. हवा गेली की ती दुमडते, रिमची धार रबरावर येते आणि थोडंसं अंतर चालवलं तरी टायर आतून चिरतो. रन-फ्लॅटमध्ये बाजूच्या भिंतीत आतून कडक रबराचा जाड थर असतो. हवा शून्य झाली तरी ही भिंत वजन पेलते. पण प्रत्येक फेऱ्यात ती वाकते, वाकण्याने तापते, आणि तापून शेवटी तुटते. म्हणून मर्यादा असते: साधारणपणे ताशी ८० किमीपेक्षा जास्त वेग नाही आणि ८० किमीपेक्षा जास्त अंतर नाही. हे अंतर डॅशबोर्डवर इशारा आल्यापासून मोजायचं. गाडीत पाच माणसं आणि डिकी भरून सामान असेल तर ते बरंच कमी होतं. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण भरलेल्या गाडीसाठी ३० किमीच दिलेले असतात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा.

टायर कोणता आहे हे ओळखायला भाषा यावी लागत नाही, कारण बाजूवरच्या खुणा जगभर सारख्या असतात. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेन्टल एसएसआर, गुडइयर आरओएफ. बीएमडब्ल्यूच्या टायरवर आरएससी आणि मर्सिडीजच्या टायरवर एमओई दिसलं तर ते रन-फ्लॅट. नुसतं एमओ किंवा नुसता तारा असेल तर तो टायर त्या कंपनीने मान्य केलेला आहे एवढंच कळतं, तो रन-फ्लॅट आहे असं नाही. ‘सील’ असा शब्द असलेले टायर तिसऱ्याच जातीचे. त्यांच्या आत चिकट थर असतो, तो सुमारे ५ मिमीपर्यंतच्या खिळ्याचं भोक आपोआप बुजवतो. बाजू फाटली किंवा हवा पूर्ण गेली तर त्यांचा उपयोग नाही. विक्रेता “हे पंक्चरप्रूफ आहेत” म्हणाला तर वाकून बाजूवरची अक्षरं स्वतः वाचा.

रन-फ्लॅट घेताय त्याची किंमत

कडक भिंतीमुळे धक्के जास्त जाणवतात. लहान खड्डा साधा टायर गिळून टाकतो; रन-फ्लॅट तो रिमकडे आणि तिथून तुमच्या पाठीकडे पाठवतो. मोठ्या रिमवर, म्हणजे १८ किंवा १९ इंचांवर, बाजूची भिंत आधीच आखूड असते. तिथे खड्ड्यात जोरात आदळलं तर अलॉय रिम वाकण्याची किंवा तडकण्याची शक्यता वाढते. वजन जास्त, दर जास्त, आणि एका मापात मिळणारे प्रकार कमी. हे सगळं सहन होण्यासारखं आहे, विशेषतः गाडीचं सस्पेन्शनच रन-फ्लॅट धरून बसवलेलं असेल तर.

खरी अडचण दुरुस्तीची. साध्या टायरच्या मधल्या भागात खिळा गेला आणि भोक ६ मिमीपर्यंत असेल, तर टायर रिमवरून काढून आतून छत्रीच्या आकाराचा पॅच बसवतात आणि तो टायर पुढे झिजेपर्यंत चालतो. रन-फ्लॅट हवा नसताना चालवला असेल तर आतली भिंत किती तापली, तिच्यातले धागे कुठे सुटले, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून बरीच दुकानं रन-फ्लॅटची दुरुस्ती सरळ नाकारतात आणि बरेच उत्पादकही ती करू नका असं सांगतात. काही उत्पादक परवानगी देतात, पण टायर कमी हवेवर चाललेला नसावा अशी अट असते. एक खिळा म्हणजे एक नवा टायर, असाच हिशेब मनाशी धरा. इंजिनची ताकद चारही चाकांना मिळणारी (ऑल-व्हील ड्राइव्ह) गाडी असेल तर आणखी एक पेच: नव्या आणि झिजलेल्या टायरच्या घेरातला फरक गिअरयंत्रणेला ताण देतो, त्यामुळे एकाऐवजी दोन, कधी चारही बदलावे लागतात.

दुसरी अडचण साठ्याची. ८० किमी हाताशी असून त्या अंतरात तुमच्या मापाचा रन-फ्लॅट कोणाकडेच नसेल, तर ८० किमी गाठूनही गाडी दुकानाच्या दारात दोन-तीन दिवस उभी राहते. म्हणून गाडी घेण्याआधी टायरचं पूर्ण माप लिहून घ्या, उदाहरणार्थ २२५/४५ आर १७ ९१ व्ही, आणि राहत्या जागेजवळच्या तीन दुकानांना फोन करा. तीनच प्रश्न विचारा. हा टायर रन-फ्लॅटमध्ये आज आहे का, नसेल तर किती दिवसांत येईल? रन-फ्लॅट चढवायचं मदतनीस हात असलेलं यंत्र आहे का? रन-फ्लॅटचं पंक्चर काढता का? दुसरा प्रश्न फालतू वाटेल, पण नाही. ताठ भिंतीचा टायर साध्या यंत्रावर जोर लावून चढवला की रिमला बसणारी कड फाटते किंवा आतला हवेच्या दाबाचा सेन्सर तुटतो, आणि हे महिन्याभराने हवा कमी व्हायला लागल्यावर कळतं.

साधे टायर असतील तर

मग डिकीत काय आहे यावर सगळं ठरतं. बारीक स्टेपनी ही फक्त दुकानापर्यंत जाण्यासाठी असते: वेग ताशी ८० किमीपर्यंत, आणि हवा नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त, बहुतेक वेळा ४.२ बार म्हणजे ६० पीएसआय. वर्षानुवर्षं कोणी बघत नसल्याने ती बहुधा मऊ पडलेली असते. ताब्यात घेतानाच दाब मोजा. शिवाय जॅक, पाना आणि कुलूपवाल्या नटाची चावी हातात घेऊन पाहा. ही चावी अंगठ्याएवढी असते, वापरलेल्या गाडीत अनेकदा हरवलेली असते, आणि तिच्याशिवाय चाक निघत नाही.

घरासमोर, दिवसाउजेडी एकदा चाक बदलून पाहा. सपाट कठीण जमीन, हँडब्रेक, गिअर पार्कमध्ये. गाडी उचलण्याआधी नट अर्धा फेरा सैल करा; हवेत असताना जोर लावला तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकू शकते. जॅक दाराखालच्या खुणेच्या जागीच लावा, एरवी पत्रा दबतो. नट निघूनही चाक हलत नसेल तर ते गंजाने हबला चिकटलेलं आहे: दोन नट चार-पाच आटे परत लावा, टायरच्या बाजूवर टाचेने मारा, सुटेल. नवं चाक लावल्यावर नट हाताने घट्ट करा, गाडी खाली घ्या, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांना १०० ते १४० न्यूटन-मीटर. सुमारे ५० किमी चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

बाटली आणि कॉम्प्रेसरचा संच हलका आहे, पण तो फक्त मधल्या भागातल्या छोट्या भोकासाठी चालतो. बाजू चिरली असेल, कड रिमवरून सुटली असेल किंवा टायर सपाट चालवला गेला असेल तर बाटली वाया जाते. खिळा उपटू नका, तोच भोक बुजवतोय. द्राव भरा, दाब वाढवा, लगेच निघा, ५ ते १० किमीनंतर थांबून दाब परत मोजा. फार उतरला असेल तर पुढे जाऊ नका. बाटलीवर मुदत लिहिलेली असते, सहसा चार-पाच वर्षांची. वापरलेल्या गाडीत ती बहुधा उलटलेली असते. आणि दुकानात द्राव वापरल्याचं आधी सांगा, कारण टायर उघडताच तो बाहेर सांडतो.

भोवताली भरधाव वाहनं असतील अशा रस्त्यावर कोणताही टायर असला तरी चाक बदलायला बसू नका. कठड्यापलीकडे उभे राहा आणि मदत बोलवा. रस्त्यावरच्या मदतीची योजना घेताना ती गाडी कुठवर ओढून नेते हे वाचा. जवळच्या गॅरेजपर्यंत नेणारी योजना आणि तुम्ही सांगाल त्या ठिकाणी नेणारी योजना यांत मोठा फरक असतो.

रन-फ्लॅट काढून साधे घालायचे असतील

करता येतं, आणि पुष्कळ लोक करतात. चारही एकदम बदला. एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला लवचीक भिंत असली की वळणावर आणि ब्रेक लावताना गाडी वेडीवाकडी वागते. भारांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको: ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किमी. त्याच दिवशी डिकीत संच किंवा स्टेपनी, जॅक आणि पाना टाका. रन-फ्लॅटच्या गाडीत यांतलं काहीच नसतं आणि बहुधा स्टेपनीसाठी खळगाही नसतो. विमा कंपनीला कळवा. गाडी भाडेकराराची असेल तर करारात टायरची अट आहे का ते पाहा, नाहीतर परत करताना चारही टायरचे पैसे कापले जातात.

उलट दिशेने जाताना, म्हणजे साध्या गाडीला रन-फ्लॅट घालताना, रिम त्यासाठी मान्य असला पाहिजे आणि दाबाचा इशारा देणारी यंत्रणा चालू असलीच पाहिजे. रन-फ्लॅटची हवा गेली तरी डोळ्यांना दिसत नाही. दिवा लागला नाही तर १२० च्या वेगाने रिकाम्या टायरवर चालवत राहाल. अमेरिकेत ही यंत्रणा २००८ च्या मॉडेलपासून, तर युरोपियन महासंघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची आहे. पण दिवा दाब २० ते २५ टक्के उतरल्यावरच लागतो. म्हणून महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, गेजने मोजा. योग्य आकडा दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाआड चिकटवलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब तो नव्हे. तापमान १० अंशांनी घसरलं की दाब सुमारे ०.१ बार उतरतो, त्यामुळे थंडीच्या पहिल्या सकाळी दिवा लागला तर घाबरू नका, हवा भरा आणि यंत्रणा रीसेट करा.

निवडीबद्दल स्पष्ट मत द्यायचं तर असं. रोजचा प्रवास शहरात असेल, दुकानं जवळ असतील, घरातलं कोणी एकटं रात्री गाडी चालवत असेल, तर रन-फ्लॅटचा दर वसूल होतो. अंधारात थांबावं लागत नाही, ही मोठी गोष्ट आहे. लांबचे, विरळ वस्तीचे रस्ते असतील, खड्डे असतील किंवा पहिल्या वर्षी पैशाची ओढाताण असेल, तर साधे टायर आणि खरी स्टेपनी. बर्फाच्या प्रदेशात हिवाळ्याचे वेगळे चार टायर लागतात. त्यांवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह बघा. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होत जातं, ते रन-फ्लॅट असो वा साधं. आणि गाडीवर आत्ता जे टायर आहेत ते चांगले असतील तर घाईने काढू नका. खाचा ३ मिमीपर्यंत उतरल्या की तेव्हा ठरवा. तोवर तुमचे रस्ते कुठले हे तुम्हाला कळलेलं असेल.

जुने असतील तर मात्र थांबू नका. बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर जाणकाराकडून तपासून घ्या, दहा वर्षांपुढचा खाचा कितीही खोल असल्या तरी काढून टाका. स्टेपनीलाही हेच लागू.

आज गाडी ताब्यात घेत असाल तर फोनवर तीन फोटो काढून ठेवा: टायरच्या बाजूवरचं पूर्ण माप, दाराच्या चौकटीवरचा दाबाचा तक्ता आणि कुलूपवाल्या नटाच्या चावीवरचा क्रमांक.