ठिसूळ हाडांसाठी औषध, कॅल्शियम आणि व्यायाम: या चुका टाळा

‘हाडांची झीज’ हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या आजारांना वापरतात आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. गुडघ्याची झीज म्हणजे सांध्यातल्या कूर्चेची झीज, ती दुखते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडाचं आतलं जाळं विरळ होतं. हाड मोडेपर्यंत त्यात काहीच दुखत नाही. ‘सहा महिने गोळ्या घेतल्या, गुडघा आहे तसाच’ असं म्हणून जे औषध बंद केलं जातं, ते गुडघ्यासाठी नव्हतंच. खुबा, मणका आणि मनगट मोडू नये म्हणून ते दिलेलं असतं, त्यामुळे ते लागू पडतंय की नाही हे दुखण्यावरून ठरवता येत नाही.

निदानही नीट हवं. शिबिरात टाचेला यंत्र लावून मिळालेल्या आकड्यावर औषध सुरू करू नका. कंबर आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, करा. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत तुमची घनता किती हे सांगणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. पण उभ्या-उभ्या पडून खुबा मोडला, किंवा फारसं काही न घडता मणका दबला, तर आकडा बरा असला तरी उपचार लागतात. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चारेक सेंटिमीटर कमी झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या. दबलेला मणका बऱ्याचदा ‘वयामुळे पाठ दुखते’ या समजुतीखाली लपून राहतो.

‘आधी कॅल्शियम घेऊन पाहू’

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हा कच्चा माल. हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालण्याचं काम औषध करतं. स्कोअर उणे ३ असताना नुसत्या कॅल्शियमवर वर्षभर थांबणं म्हणजे ते वर्ष वाया घालवणं. उलट बाजूही लक्षात घ्या: बावन्न वर्षांच्या बाईचा स्कोअर उणे १.३ असेल, आधी हाड मोडलेलं नसेल, स्टिरॉइड चालू नसेल, तर बहुतेक वेळा औषधाची गरज नसते. आहार आणि व्यायाम तिथे पुरतो.

आठवड्याची गोळी चहासोबत

अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तरी तिचा एक टक्काही शोषला जात नाही. चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर घेऊन न घेतल्यासारखीच.

एक वार ठरवा. सकाळी उठल्याबरोबर पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी सरळ गिळा. चघळायची नाही, चोखायची नाही. बोअरचं जड पाणी असेल तर त्याऐवजी फिल्टरचं घ्या. पुढचा अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि मुख्य म्हणजे आडवं व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. महिन्यातून एकदा घ्यायच्या आयबँड्रोनेटसाठी हीच वेळ एक तास धरा. वार चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकच गोळी घ्या आणि पुन्हा ठरलेल्या वारावर या. गिळताना दुखू लागलं किंवा छातीत नव्याने जळजळ सुरू झाली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. ज्यांना अर्धा तास बसवतच नाही, त्यांच्यासाठी इंजेक्शनचा मार्ग आहे.

झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाइन वर्षातून एकदा देतात. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येणं नेहमीचं आहे. ती अॅलर्जी नव्हे. पॅरासिटामॉल घेऊन बहुधा भागतं आणि पुढच्या वर्षी हा त्रास बराच कमी होतो. सलाइनआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासलेलं हवं. ड कमी असताना सलाइन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून हातापायांना मुंग्या आणि पेटके येऊ शकतात.

सहामाही इंजेक्शन पुढे ढकलणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. डेनोसुमॅब ६० मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी त्वचेखाली देतात. अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक अॅसिड हाडात साठून राहतं, थांबवलं तरी काही काळ पुरतं. डेनोसुमॅब साठत नाही. असर उतरला की आवरलेल्या पेशी दुप्पट जोराने कामाला लागल्यासारखं होतं, मिळवलेली घनता झपाट्याने जाते आणि काही जणांचे मणके एकापाठोपाठ दबतात. म्हणून सहाचे सात महिने होऊ देऊ नका. मुलाकडे परदेशी जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी पुढच्या इंजेक्शनची तारीख बघा. खर्चामुळे किंवा दुसऱ्या कारणाने थांबवायचंच असेल तर आपल्या मनाने नको. त्याच्या जागी दुसरं औषध लावून मगच ते थांबवतात.

नवं हाड तयार करणाऱ्या टेरिपॅराटाइडचंही थोडं असंच. रोजचं इंजेक्शन जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यानंतर दुसरं औषध लगेच सुरू झालं नाही तर तयार झालेलं हाड विरघळतं. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही.

कॅल्शियमचा हिशेब

पाकिटावरचा मोठा आकडा फसवा असतो. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. पाळी गेलेल्या बाईची दिवसाची गरज साधारण १२०० मिलिग्रॅम, तीही आहार धरून. दोन पेले दूध म्हणजे ४५० ते ५००, वाटीभर दही सव्वाशेच्या आसपास, नाचणीच्या एका मोठ्या भाकरीतून दोनशेच्या घरात. तिळात कॅल्शियम भरपूर, पण सगळं अंगी लागत नाही. एवढं रोज होत असेल तर ५०० ची एक गोळी पुरे. दोन-तीन घेतल्या तर बद्धकोष्ठता वाढते आणि मुतखड्याची भीतीही.

कार्बोनेट जेवणाबरोबर घ्या. अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे आणि पुढे महिन्याला एक, असं सहसा सांगतात. घरोघरी मात्र जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं आठवड्याची पुडी चालू राहते. त्यात कॅल्शियमच्या गोळीतच कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं तयार, प्रभावी रूप) असेल तर धोका आणखी वाढतो. सारखी तहान, मळमळ, गळून जाणं, बद्धकोष्ठता असं सुरू झालं तर पुडी थांबवा आणि त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासा.

हाडजोडीचं चूर्ण किंवा पायाचं सूप यांच्या भरवशावर औषध सोडू नका. हाडांच्या सूपमध्ये कॅल्शियम फार थोडं उतरतं.

फक्त चालणं पुरत नाही

चालणं चांगलंच, पण हाडाला आणि तोलाला त्याहून जास्त हवं. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला हात लावून ढकलणं, ओट्याशेजारी एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, हे आठवड्यातून तीन दिवस करा. मणका दबलेला असेल तर पश्चिमोत्तानासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातलं पुढे वाकणं बंद. भरलेली बादली कमरेतून वाकून उचलू नका. मिश्री आणि तंबाखू सोडणं हाही उपचारच आहे.

पडणं टाळण्यासाठी मोरीत न घसरणारी चटई, भिंतीला पकडायला दांडी, रात्री दिवा, घोट्याच्या वर राहणारा गाऊन. झोपेची गोळी चालू असेल तर ती खरंच हवी का, हे विचारून घ्या.

दात आणि मांडी

औषधाआधी दात दाखवून घ्या, काढायचे असतील ते काढून टाका. औषध चालू असताना दात काढावा लागला तर दोन्ही डॉक्टरांना सांगा. दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा त्रास या मात्रेत क्वचितच होतो. गोळ्यांना पाच वर्षं किंवा सलाइनला तीन वर्षं झाली की औषध काही काळ थांबवायचं का, हे स्कॅन पाहून ठरतं. औषध चालू असताना, किंवा थांबवल्यावरही, मांडीत किंवा जांघेत मंद दुखणं सुरू झालं तर तेल चोळत बसू नका; क्वचित ते मांडीच्या हाडाला चीर पडत असल्याचं लक्षण असतं. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायला सांगा.