गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मन खचतं ते कुठे? या चुका टाळा

कबड्डीच्या चढाईत वळताना माझा उजवा गुडघा फिरला आणि आतून 'कट्' असा आवाज आला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा लिगामेंट (पट्टा), पूर्ण तुटल्याचं निघालं. डॉक्टरांनी मांडीमागची कंडरा काढून त्या जागी नवा लिगामेंट बसवला. तेव्हा मी केलेल्या चुका आता मैदानावरची पोरं करताना दिसतात, म्हणून लिहितोय. व्यायाम कोणता करायचा ते फिजिओ सांगतोच, अडतं ते ठरावीक वळणांवर.

दुखणं थांबलं म्हणजे बरा झालो, असं समजू नका. मला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सूज उतरते, कुबड्या सुटतात, जिना चढता येतो. आणि नेमका त्याच सुमाराला आतला ग्राफ्ट (नव्याने बसवलेला लिगामेंट) सगळ्यात कच्चा असतो. बसवलेली कंडरा आधी कमकुवत होते, तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मग कुठे ती महिनोन्‌महिने घट्ट होत जाते. हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या महिन्यात 'जरा हलकंच' म्हणत मॅटवर उतरलो आणि दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. ग्राफ्ट वाचला. पण पुढचे दोन आठवडे व्यायामाची चटई उलगडायचीही इच्छा होईना. कबड्डी, फुटबॉलसारख्या वळणावळणाच्या खेळात किमान नऊ महिने उतरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी मनाला सांगून टाका. नऊ महिने झाले तरी दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के आहे का, ते फिजिओकडून तपासून घ्या.

गुडघ्याखाली उशी नको. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे लंगडणं सुटत नाही. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची. माझी आई रोज संध्याकाळी मला पाय लांब करून झोपायला लावायची आणि गुडघ्याखालच्या फटीत बोटं घालून बघायची. पहिल्या आठवड्यात तीन बोटं जायची. ज्या दिवशी एकही गेलं नाही, त्या दिवशी तिने शिरा केला. पदक मिळाल्यावर झाला नसेल एवढा आनंद मला त्या शिऱ्याने दिला.

असं काहीतरी मोजायला हवंच, पण मांडीचा घेर रोज मोजू नका. ऑपरेशननंतर मांडी झपाट्याने बारीक होते आणि सावकाश भरते. शिंप्याची टेप घ्या, गुडघ्याच्या वाटीच्या वर 10 सेंटिमीटरवर पेनाने खूण करा आणि महिन्यातून एकदा दोन्ही पाय मोजा. रोज मोजलं तर आकडा हलत नाही, आपण मात्र हलतो.

खेळाडूंच्या पुनरागमनाशी आपली तारीख जुळवू नका. कुस्तीपटू विनेश फोगाटच्या गुडघ्यावर ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ती पॅरिस ऑलिंपिकमध्ये लढत होती. तिच्या जिद्दीपुढे मी मान झुकवतो. पण तिचा अख्खा दिवस त्यासाठीच होता. आपण लोकल पकडून, आठ तास नोकरी करून व्यायामाला बसतो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका, सूज येते. सकाळी गुडघा आदल्या दिवसापेक्षा फुगलेला दिसला, तर त्या दिवशी व्यायाम निम्म्यावर आणा.

संघापासून तुटू नका. मी दोन महिने कुणाचे फोन उचलले नाहीत, ते चुकलंच. नंतर रविवारी गुणफलक सांभाळायला जाऊ लागलो आणि सोमवारचा व्यायाम आपोआप होऊ लागला. रात्रीची झोपच उडाली, कशातच मन लागेना, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना तेही सांगा.

आणि एक. पोटरी दुखायला लागली, सुजली, गरम लागली तर घरातलं कुणी कितीही मायेने तेल घेऊन आलं तरी मालिश करू देऊ नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जा.