नवीन वर्षाचे संकल्प जानेवारीतच का बारगळतात? या चुका टाळा

३१ डिसेंबरला यादी करताना आपण सुट्टीच्या मूडमध्ये असतो आणि खरी गडबड तिथेच होते. पाचला उठणार, तासभर जिम, रात्री वाचन, सगळं शक्य वाटतं. पण बदलापूरहून सीएसएमटीला जाऊन रात्री साडेनऊला घरी येणाऱ्याला हे जमणार कसं, जेवून झोपायलाच बारा वाजतात, मग आठवड्याभरात अलार्म बंद होतो आणि माणूस स्वतःलाच आळशी म्हणायला लागतो. अहो आळशी नाहीये तो, टार्गेटच चुकलंय. ठरवताना तुमचा सगळ्यात धावपळीचा दिवस डोळ्यासमोर आणा, लोकल लेट, मुलाला ताप, घरी पाहुणे. त्या दिवशी सुद्धा जे होईल तेवढंच ठरवा, जास्त झालं तर उत्तमच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं, आणि ते तुकड्या तुकड्यांत केलं तरी चालतं. घर ते स्टेशन शेअर रिक्षा सोडून चाललात तरी बरंच काम होतं.

दुसरं म्हणजे "यंदा बचत करायची" असं मोघम ठरवणं. किती, कधी, कुठून? पगार १ तारखेला होत असेल तर ३ तारखेला आरडीचा हप्ता आपोआप कापला जाईल असं लावून टाका, ५०० रुपये का असेना. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हणाल तर काही उरत नाही.

"गोड बंद", "मोबाईल बंद" असले बंदवाले संकल्प तर मला अजिबात पटत नाहीत. १४ जानेवारीच्या आसपास तिळगूळ समोर येतोच ना! स्वीडनमध्ये हजारावर लोकांवर केलेला एक अभ्यास २०२० मध्ये छापून आला, त्यात "हे करणार" म्हणणारे साधारण ५९ टक्के यशस्वी झाले आणि "हे टाळणार" म्हणणारे ४७ टक्के. म्हणून संध्याकाळचं फरसाण बंद म्हणण्यापेक्षा संध्याकाळी फुटाणे खाणार असं ठरवा.

आणि ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे डोक्यातून काढा प्लीज. लंडनमधल्या संशोधकांना सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं दिसलं, कुणाला १८ तर कुणाला अडीचशेच्या वर, आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडत नव्हता. लोक मात्र लग्नाच्या गडबडीत दोन दिवस चालणं चुकलं की सगळंच सोडून देतात, याचं खरंच वाईट वाटतं.

आत्ताच बंद पडलं असेल तर आधी टार्गेट निम्मं करा, मग रोजच्या एखाद्या कामाला जोडा, म्हणजे रात्री ओटा आवरला की लगेच दहा पानं. तरीही होत नसेल तर वेळ बदलून बघा. आणि पुढच्या डिसेंबरची वाट कशाला, मधे गुढीपाडवा आहे की, तोही नको असेल तर येता सोमवार घ्या, फक्त अख्खी यादी परत काढू नका, एकच गोष्ट निवडा.