पहिला हप्ता थकला तर? अमेरिकेच्या प्रायमरीतला ‘नक्की’ उमेदवार कसा तपासायचा

नागपूरच्या अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत निम्म्यांची मुलं अमेरिकेत आहेत. तिथली निवडणूक दीड वर्ष लांब असली तरी बाकावर बसून कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "काही नाही वहिनी, तेच येऊन राहिले, लिहून घ्या." मी खरंच लिहून घेते. 2007 पासूनची वही आहे माझी.

बँकेत माझी 31 वर्षं गेली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. कर्ज मागायला आलेला माणूस आज किती तोऱ्यात आहे, याला आमच्याकडे किंमत नव्हती. पहिला हप्ता थकला तर याच्यापाशी काय उरतं, ते आम्ही पाहायचो. तिथे पक्षाची उमेदवारी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानातून, म्हणजे प्रायमरीतून, ठरते; ती मागणाऱ्यालाही मी तोच प्रश्न लावते.

सुरुवातीला देशभराच्या पोलचा आकडा लिहा, पण पेन्सिलीने. वर्षभर आधी लोक बहुतेक ओळखीचं नाव सांगतात. 2007 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन पुढे होत्या आणि रिपब्लिकन पक्षात रुडी जुलियानी. उमेदवारी दोघांनाही मिळाली नाही. जुलियानींनी सुरुवातीच्या राज्यांकडे फारसं लक्ष न देता सगळा भार फ्लोरिडावर टाकला. 29 जानेवारी 2008 ला तिथे ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. मात्र आकडा महिनोन्महिने निम्म्याच्या वर असेल, तर पेन घ्यायला हरकत नाही. 2024 साठी ट्रम्प यांचं तसंच होतं. सगळ्यांत आधी कौल देणाऱ्या आयोवा राज्यात त्यांना 51 टक्के मिळाले. बाकीचे सगळे एकवटले असते तरी त्यांच्या पुढे जाऊ शकले नसते.

पुढारलेला उमेदवार 30-35 टक्क्यांवर असेल तर उरलेल्या लोकांची दुसरी पसंती शोधा. हे मी पुस्तकातून शिकले नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी मी आयोवात, डे मॉइनला होते. 3 जानेवारी 2008 च्या संध्याकाळी तिची शेजारीण मला शाळेच्या हॉलमध्ये कॉकस, म्हणजे पक्षाच्या लोकांनी जमून उमेदवार निवडायची सभा, बघायला घेऊन गेली. मत देणं माझ्या हक्कात नव्हतं, मागे खुर्ची टाकून बसले. डेमोक्रॅट मंडळींनी तिथे चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. ज्याला जो उमेदवार हवा, तो त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मग डोकी मोजली. ज्या गटात 15 टक्केही माणसं नव्हती, त्यांना दुसरीकडे जायची मुभा मिळाली, आणि हॉलभर मनधरणी सुरू झाली. बिल रिचर्डसन यांचा एक छोटासा गट होता. त्यातले काही ओबामांकडे गेले, काही एडवर्ड्सकडे. क्लिंटन यांचा कोपरा पहिल्यापासून भरलेला होता, पण नंतर त्यात जवळजवळ कुणी आलंच नाही. मी बाळाच्या टोपीचं विणकाम सोबत नेलं होतं, एक टाकाही घातला गेला नाही. त्या रात्री आयोवात क्लिंटन तिसऱ्या आल्या.

म्हणून पोल वाचताना ‘दुसरी पसंती’ आणि ‘मत बदलू शकतं’ हे रकाने आधी पाहा. बातमीत ते सहसा तळाशी असतात.

यानंतर डेलिगेटचा हिशेब. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते. उमेदवारी डेलिगेट, म्हणजे राज्यांतून पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी, देतात, आणि ते वाटायची रीत पक्षागणिक वेगळी. डेमोक्रॅटिक पक्षात 15 टक्के ओलांडणाऱ्यांना मतांच्या प्रमाणात वाटा मिळतो. 5 फेब्रुवारी 2008 ला क्लिंटन यांनी न्यू जर्सीसारखं मोठं राज्य जिंकलं. डेलिगेट 59 विरुद्ध 48, म्हणजे 11 ची आघाडी. त्याच दिवशी छोट्याशा आयडाहोत ओबामांना 15 आणि क्लिंटन यांना 3. तिथे 12 चा फरक! मोठं राज्य जिंकूनही त्या दोन ओळींच्या बेरजेत क्लिंटन एकाने मागे. रिपब्लिकन पक्षात काही राज्यांत सगळं माप एकाच्याच पदरात पडतं. 2016 मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना सुमारे एक तृतीयांश मतं मिळाली, आणि डेलिगेट मात्र पन्नासच्या पन्नास. विरोधक विखुरलेले असले की तिथे 33 टक्केही पुरतात. आपल्या उमेदवाराचा पक्ष कोणता, हे पाहूनच वरचा पेन्सिलीचा आकडा वाचा.

पैशाचा रकाना ठेवा, पण त्यात फार अडकू नका. रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या जेब बुश यांच्या बाजूने 2015 च्या पहिल्या सहा महिन्यांतच 10 कोटी डॉलरहून जास्त जमले होते. 20 फेब्रुवारी 2016 ला ते बाहेर पडले.

आता शेवटचा रकाना: पहिली हार झाली तर कोण थांबेल सोबत? 2003 च्या अखेरीस डेमोक्रॅटिक पक्षात हॉवर्ड डीन पुढे होते, माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा पाठिंबाही होता. आयोवात 18 टक्क्यांवर अडकले आणि मागे टेकायला दुसरी भिंत नव्हती. उलट जॉर्ज बुश 2000 मध्ये न्यू हॅम्पशायर सपाटून हरले; पण बहुतेक रिपब्लिकन गव्हर्नर त्यांच्यामागे होते, ते हलले नाहीत. बायडेन 2020 मध्ये आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. तेव्हा अंबाझरीच्या बाकावर त्यांचं नाव खोडलं गेलं. मी खोडलं नाही, कारण साउथ कॅरोलायनातले कृष्णवर्णीय मतदार अजून बोलायचे होते. 29 फेब्रुवारीला ते बोलले, आणि बायडेन तिथे जिंकले. त्यानंतर बुटिजेज आणि क्लोबुशार हे प्रतिस्पर्धी बायडेन यांच्या बाजूने आले, आणि 3 मार्चला मतदान झालेल्या 14 पैकी 10 राज्यं बायडेन यांना मिळाली. तारण असं असतं, पहिल्या दिवशी दिसत नाही.

दर खेपेला राज्यांचा क्रम मात्र नव्याने उतरवून घ्या. डेमोक्रॅटिक पक्षाने 2024 साठी साउथ कॅरोलायनाला पहिला नंबर दिला होता. आणि निकालाच्या दिवशी घाई करू नका. आयोवात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा नागपुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा होतात. मी चहा ठेवून बसते, पण कॅलिफोर्नियाची मोजणी कित्येक दिवस चालते. तिथल्या डेलिगेटची ओळ तोवर कोरी ठेवते.