छतावर पॅनेल आहेत. मग बॅटरी किती आणि कोणती घ्यावी?

जून महिन्यातल्या एका दुपारी सुदामा नगरातील आमच्या घरची वीज गेली, तेव्हा ऊन कडक होते आणि छतावरची तीन किलोवॅटची पॅनेल त्या उन्हात तापत होती. तरीही घरातला एकही पंखा फिरेना. सासूबाईंना दम्यासाठी नेब्युलायझर लागतो, आणि नेमकी तीच वेळ त्यांच्या औषधाची होती. पॅनेल बसवून देणाऱ्याने आम्हाला बिल किती कमी होईल हे तपशीलवार सांगितले होते, पण वीज गेल्यावर ही यंत्रणाही बंद पडते, हे सांगितले नव्हते. त्या दुपारनंतर बॅटरी निवडताना जे वाचले, विचारले आणि मोजून पाहिले, ते इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

नेट मीटरवर चालणारा साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरच्या तारेतला वीजप्रवाह थांबताच स्वतःहून बंद होतो. यात बिघाड काही नाही. खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरची वीज उलट्या बाजूने लागू नये, यासाठी ही व्यवस्था सक्तीची आहे. वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल, तर घराला बाहेरच्या तारेपासून क्षणात वेगळे करणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि त्याला जोडलेली बॅटरी, अशी जोडी लागते.

तरीही पहिला प्रश्न बॅटरी घ्यावीच का, हा आहे. आपल्याकडे पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या नेट मीटरमध्ये दिवसा बाहेर गेलेले युनिट रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होते. म्हणजे बाहेरची तारच आपली बॅटरी असते, आणि तिच्यात साठवण्याची घट आपल्याला सोसावी लागत नाही. घरातली बॅटरी मात्र घेतलेल्या विजेचा काही भाग गमावूनच बाकीचा परत देते. उदाहरणादाखल, एखादी बॅटरी एक लाख रुपयांना मिळाली, ती चार हजार वेळा भरली-रिकामी झाली आणि दर वेळी तिने साडेचार युनिट दिले असे धरले, तर अठरा हजार युनिट मिळतील आणि प्रत्येक युनिटच्या नुसत्या साठवणुकीला साडेपाच रुपयांहून अधिक पडतील. म्हणून नेट मीटर असलेल्या घराने बिल वाचवण्यासाठी बॅटरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात आजारी माणूस आहे, घरून काम चालते, मुलांचा अभ्यास अडतो किंवा वस्तीत वीज वारंवार जाते, ही बॅटरी घेण्याची खरी कारणे आहेत. दिवसाच्या आणि संध्याकाळच्या विजेचे दर आपल्या बिलात वेगवेगळे लागत असतील, तर हा हिशेब नव्याने मांडावा. पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या छतावरील सौर पॅनेलांच्या योजनेचे अनुदान दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण 78,000 रुपये असे आहे. बॅटरी जोडल्याने त्यात वाढ होत नाही, त्यामुळे अनुदानाच्या नावाखाली कोणी बॅटरी गळ्यात मारत असेल तर सावध व्हावे.

बॅटरी घ्यायचे ठरले, की दुकानात जाण्याआधी एक कागद घेऊन बसावे. पॅनेल किती किलोवॅटची आहेत यावरून बॅटरीचा आकार ठरवण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि ती चुकीची आहे. वीज गेल्यावर घरात काय चालू राहायला हवे आणि किती तास, एवढ्यावरच बॅटरी ठरते. आमचा कागद असा होता: जुने तीन पंखे प्रत्येकी 75 वॅटप्रमाणे 225, पाच एलईडी दिवे प्रत्येकी 9 वॅटप्रमाणे 45, वायफायचा राउटर 10, टीव्ही 80, आणि दिवसभरात साधारण दीड युनिट घेणारा फ्रिज, म्हणजे सरासरी 60 वॅट. बेरीज 420 वॅट. चार तासांसाठी सुमारे 1.7 युनिट लागले. नेब्युलायझर दहा-पंधरा मिनिटेच चालत असल्यामुळे त्याचा या बेरजेत फारसा फरक पडत नाही.

पण 1.7 युनिट हवे म्हणून 1.7 युनिटची बॅटरी चालत नाही. इन्व्हर्टरमध्ये साधारण दहा टक्के वीज खर्ची पडते आणि कोणतीही बॅटरी तळापर्यंत रिकामी करू नये. लिथियम बॅटरीचा नव्वद टक्के भाग वापरायचा धरला, तर 1.7 ला 0.9 ने दोनदा भागून 2.1 युनिट येते. म्हणजे बाजारातली 51.2 व्होल्ट, 50 एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी, जी 2.56 युनिटची असते, पुरते. हीच गरज रात्रभर, दहा तासांची असेल, तर आकडा 5.2 युनिटवर जातो आणि 51.2 व्होल्ट, 100 एएचची 5.12 युनिटची बॅटरीही किंचित कमी पडते. व्होल्ट आणि एएच यांचा गुणाकार करून हजाराने भागले की युनिट मिळतात. विक्रेता नुसते एएच सांगत असेल तर हा गुणाकार त्याच्यासमोरच करावा, कारण 12 व्होल्टची 150 एएच बॅटरी दिसायला मोठी असली तरी ती 1.8 युनिटचीच असते.

याच टप्प्यावर आम्ही तिन्ही पंखे बदलून 30 वॅटचे, कमी वीज घेणाऱ्या मोटरचे बीएलडीसी पंखे बसवले आणि 420 ची बेरीज 285 वर आली. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. तो पैसा वीज असतानाही कामी येतो.

युनिटइतकेच महत्त्वाचे आहे ते एका क्षणी किती वॅट ओढले जातात हे. पाण्याची मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या भाराच्या कित्येक पट प्रवाह घेते, फ्रिजचा कॉम्प्रेसरही तसेच करतो, आणि गिझर तर सरळ दोन किलोवॅट मागतो. आपल्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे नळाच्या वेळेला वीज गेली तर मोटर बॅटरीवर चालावी, असे प्रत्येकाला वाटते. एक अश्वशक्तीची मोटर बॅटरीवर घेणे अशक्य नाही, पण त्यासाठी इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही बरीच मोठी घ्यावी लागतात. आम्ही त्याऐवजी खालची टाकी वाढवली, आणि मोटर, गिझर, एसी व इस्त्री या चारही गोष्टी बॅटरीच्या बाहेर ठेवल्या. बॅटरीच्या माहितीपत्रकात ती सलग किती अँपिअर देऊ शकते, हे लिहिलेले असते. 51.2 व्होल्टची बॅटरी 50 अँपिअर देत असेल तर ती अडीच किलोवॅटच सोसते, मग तिला पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर का जोडला असेना.

बॅटरीचा प्रकार निवडणे त्या मानाने सोपे झाले आहे. ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी घेताना स्वस्त पडते आणि तिचा मिस्त्री प्रत्येक मोहल्ल्यात सापडतो. परंतु ती अर्ध्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, डिस्टिल्ड वॉटर वेळेवर भरावे लागते, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो म्हणून खेळती हवा लागते, आणि भरलेल्या विजेपैकी पाचवा हिस्सा सहज वाया जातो. वरच्या चार तासांच्या गरजेला 150 एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या अपुऱ्या ठरतात. 200 च्या दोन लागतात. त्यातही घरगुती इन्व्हर्टरसाठीची सी-20 मोजणीची बॅटरी सौर यंत्रणेला लावू नये. सौर वापरासाठी सी-10, म्हणजे दहा तासांत रिकामी करून मोजलेली क्षमता पाहावी.

लिथियममध्येही मुख्य दोन जाती आहेत. घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हीच घ्यावी. तिच्या रसायनात प्राणवायू फॉस्फेटशी घट्ट बांधलेला असल्यामुळे ती तापून पेट घेण्याचा धोका निकेल-कोबाल्ट असलेल्या बॅटरीच्या तुलनेत पुष्कळ कमी असतो, आणि ती हजारो वेळा चार्ज होते. ओळखण्याची खूण अशी की तिच्या एका सेलचे व्होल्टेज 3.2 असते, आणि 16 सेल मिळून 51.2 व्होल्ट होतात. आयईसी 62619 या सुरक्षा मानकाचे प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. जुन्या वाहनांतून काढलेले सेल जोडून तयार केलेला बिननावाचा पॅक निम्म्या किमतीला मिळाला, तरी तो घरात आणू नये. ज्या घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले झोपतात, तिथे ही जोखीम घेण्याजोगी नाही.

इन्व्हर्टर आणि बॅटरी एकमेकांशी बोलतात की नाही, ही बाब बहुतेक जण विचारायला विसरतात. लिथियम बॅटरीतील बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट, इन्व्हर्टरला एका केबलमधून किती चार्ज शिल्लक आहे आणि कधी थांबायचे हे कळवते. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची असतील, तर इन्व्हर्टर बनवणाऱ्याच्या मान्य बॅटऱ्यांच्या यादीत आपले मॉडेल आहे का, हे लेखी घ्यावे. आधीच ऑन-ग्रिड इन्व्हर्टर असलेल्या घरांना तो बदलावा लागू शकतो, किंवा त्याच्या शेजारी बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर बसवता येतो. कोणताही बदल करण्याआधी वीज कंपनीला कळवून मंजुरी घ्यावी.

वायरिंगमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटांची डीबी (ब्रेकरची पेटी) वेगळी करावी लागते. जुन्या घरांत दोन खोल्यांची न्यूट्रल एकच असते. ती तशीच राहिली तर गळती पकडणारा ब्रेकर विनाकारण पडत राहतो. आमच्याकडे हे शोधण्यात इलेक्ट्रिशियनचा एक पूर्ण दिवस गेला, आणि तो सत्कारणी लागला. अर्थिंगकडेही तितकेच लक्ष द्यावे. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि रॉडला धरून राहत नाही, म्हणून अर्थिंगचे मोजमाप मे महिन्यात करून घ्यावे, पावसाळ्यात नव्हे.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ज्या जुलै-ऑगस्टमध्ये वादळाने तारा तुटतात, त्याच महिन्यांत सलग ढगांमुळे पॅनेल कमी वीज देतात. एरवी एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, पण झडीच्या दिवशी ते एकावरही येऊ शकतात. म्हणून बाहेरच्या विजेवरही बॅटरी भरून घेणारा इन्व्हर्टर घ्यावा आणि त्यात राखीव साठ्याची सेटिंग, म्हणजे बाहेरची वीज असताना बॅटरी ज्याखाली उतरू दिली जात नाही ती मर्यादा, आहे ना, हे पाहावे. आम्ही जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर हा साठा नव्वद टक्क्यांवर ठेवतो.

बॅटरी ठेवण्याची जागा छतावरची पत्र्याची खोली कधीही नसावी. इंदूरचा मे 40 अंशांच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून अधिक तापते, आणि उष्णतेने दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. उत्तरेकडची सावलीतली भिंत, जमिनीपासून फूटभर उंच, गॅस सिलिंडर व शयनगृहापासून दूर आणि घराबाहेर पडण्याची एकमेव वाट अडणार नाही, अशी जागा शोधावी.

वॉरंटीचा कागद बारकाईने वाचावा. दहा वर्षे, अमुक चक्रे (भरणे-रिकामे होणे) किंवा अमुक एकूण युनिट, यांतले जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. शेवटी किती टक्के क्षमता उरल्यास बॅटरी बदलून मिळेल आणि खोलीच्या तापमानाची अट काय आहे, हेही त्यात असते. सेवा केंद्र इंदूरमध्ये आहे का, हे स्वतः फोन करून विचारावे. बॅटरी निकामी झाल्यावर ती कचरागाडीच्या कोणत्याही डब्यात टाकता येत नाही. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापरात घालण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून परत घेण्याची सोय खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावी.

शेवटचा हप्ता देण्याआधी, बसवणारे लोक घरात असतानाच, मुख्य स्विच बंद करावा. कागदावर लिहिलेल्या सगळ्या वस्तू चालू करून अर्धा तास थांबावे, फ्रिज किमान एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होऊ द्यावा आणि बॅटरीची टक्केवारी किती उतरली, ते टिपून घ्यावे. हीच चाचणी एकदा अंधार पडल्यावर करावी. आमच्या डीबीच्या दारावर आता मोठ्या मराठी अक्षरांत एक कागद चिकटवलेला आहे: वीज गेल्यावर काय चालते, काय चालत नाही, आणि सगळेच बंद पडले तर कोणता स्विच आधी खाली करायचा. सासूबाईंनी तो स्विच माझ्यासमोर दोनदा खाली-वर करून पाहिला, त्यानंतरच आम्ही उरलेले पैसे दिले.