लिबरल आर्ट्स कॉलेज आपल्या मुलाला मानवेल का, हे घरबसल्या कसे तपासावे

‘लिबरल आर्ट्स’ या नावातला ‘आर्ट्स’ हा शब्द आपल्याकडे फार घोटाळा करतो. सायन्सला प्रवेश मिळाला नाही म्हणून आर्ट्सला गेला, असे सहज बोलले जाणाऱ्या कोल्हापुरात नव्वद टक्के मिळवलेली मुलगी लिबरल आर्ट्सचे नाव काढू लागली, की घरात आधी शांतता पसरते आणि मग मामाला फोन जातो. म्हणून निवडीकडे वळण्यापूर्वी शब्दाचा अर्थ लावून घेतलेला बरा. मध्ययुगीन युरोपात ज्या सात विद्यांना हे नाव होते, त्यांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व यांच्या जोडीला अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्रही होते. आजच्या लिबरल आर्ट्स कॉलेजातही गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान शेजारी शेजारी शिकवले जातात. अमेरिकेतील स्वार्थमोर कॉलेज तर इंजिनिअरिंगची पदवीही देते. विद्यार्थी सुरुवातीला निरनिराळ्या शाखांतील पायाभूत विषय घेतो, मग त्यांतला एक मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून निवडतो आणि हवा तर दुसरा मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून जोडतो.

अमेरिकेत विल्यम्स (१७९३) किंवा ॲमहर्स्ट (१८२१) यांसारखी ही कॉलेजे लहान असतात आणि त्यांचा भर जवळजवळ पूर्णपणे पदवीपूर्व शिक्षणावर असतो. आपल्याकडे हा अभ्यासक्रम प्रामुख्याने खासगी विद्यापीठांत मिळतो: पुण्यात सिंबायोसिसचे स्कूल फॉर लिबरल आर्ट्स २०११ मध्ये सुरू झाले, फ्लेमला २०१५ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला, सोनीपतला अशोका, आंध्रातील श्रीसिटीला क्रिया आणि बंगळूरला अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे. कोल्हापूर पुणे–बंगळूर महामार्गावर असल्याने यांतल्या निदान तीन ठिकाणी स्वतः जाऊन पाहणे कोल्हापूरकराला अवघड नाही.

मात्र जाण्याआधी एक काम घरी करावे. ‘हे कॉलेज चांगले आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नेहमी ‘होय’ असेच असते. खरा प्रश्न आहे तो एकाच गोष्टीकडे अनेक बाजूंनी पाहण्यात या विद्यार्थ्याला रस आहे का, हा. तो तपासण्यासाठी मी अकरावी-बारावीच्या मुलांना पंचगंगेच्या पुराचा विषय देतो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै त्यांनी स्वतः किंवा घरच्यांच्या तोंडून अनुभवलेला असतो, त्यामुळे विषय परका वाटत नाही. वहीच्या एका पानावर त्यांनी पुराविषयी सुचतील तेवढे प्रश्न लिहायचे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते, हे आकडे कशाच्या आधारे ठरतात? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर पाणी शहरापर्यंत यायला किती वेळ लागतो? कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या उंचीवरून दोन राज्ये भांडतात तेव्हा निवाडा कोणी आणि कोणत्या कायद्याने करायचा? पाण्याखाली राहिलेल्या उसाचे नुकसान कसे मोजतात? प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीतील माणसे दर मोठ्या पुरात घर सोडतात आणि पाणी ओसरल्यावर तिथेच परत का येतात?

पान भरल्यावर सल्ला देण्याची घाई करू नये. वही पंधरा दिवस मुलाकडेच राहू द्यावी आणि त्याने कोणत्या प्रश्नांचा पाठपुरावा केला ते पाहावे. एका मुलाने पहिल्या दोन प्रश्नांवर आलेखांसह सात पाने लिहिली आणि बाकीच्यांना हातही लावला नाही. त्याला सिव्हिल इंजिनिअरिंग किंवा शुद्ध विज्ञान अधिक मानवेल, हे त्याच्या वडिलांना न सांगताच समजले. एका मुलीने मात्र शेवटच्या प्रश्नासाठी आंबेवाडीच्या आपल्या मावशीला तासभर फोन केला, करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन जुन्या पुरांविषयी वाचले आणि मग नुकसानीच्या हिशेबाकडे वळून ‘मावशी सांगते तो आकडा आणि पंचनाम्यातला आकडा वेगळा का?’ असे समासात लिहिले. समासातल्या त्या एका ओळीला मी तिच्या टक्केवारीपेक्षा अधिक वजन देतो. एकही प्रश्न पुढे न नेणारी मुलेही असतात. त्यांना दोष देऊ नये, पण ‘अजून काही ठरले नाही, म्हणून लिबरल आर्ट्स’ हे कारण त्यांच्या बाबतीत महागात पडते, कारण विषय निवडण्याची मोकळीक तिथे दर सत्रात पुन्हा समोर येते.

दुसरी तपासणी भाषेची आहे आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनी ती टाळू नये. या अभ्यासक्रमांत दर आठवड्याला इंग्रजीतून भरपूर वाचन आणि लेखन करावे लागते, शिवाय वर्गात बोलणे हा मूल्यमापनाचाच भाग असतो. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या एखाद्या इंग्रजी पुस्तकातील तीस पानांचे प्रकरण घ्यावे, दोन संध्याकाळी वाचावे आणि लेखकाचे म्हणणे काय व ते आपल्याला पटते का, हे एका पानात लिहावे. इंग्रजी चुकले तरी हरकत नाही. ते सहा महिन्यांत सुधारते. वाचताना जीव मेटाकुटीला आला की गोडी लागली, एवढेच पाहायचे.

मग कॉलेज पाहायला जावे. अशाच एका भेटीत आम्हाला जलतरण तलाव, सभागृह आणि कॉफीचे दुकान असे सगळे दाखवण्यात आले, पण चालू वर्गात बसू द्या म्हटल्यावर ‘आज शक्य नाही’ असे उत्तर मिळाले. तेव्हापासून वर्गात बसण्याची परवानगी आधीच ईमेलने मागावी, असे मी सांगतो. वर्गात मुले किती आहेत, प्रश्न कोण विचारते आणि शिक्षक उत्तर देतात की उलट प्रश्न करतात, हे पाहावे. त्याहून उपयोगी म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याचा तपासून आलेला निबंध दाखवण्याची विनंती करणे. समासात शिक्षकाचा अभिप्राय असेल तर फी कशाची घेतली जाते ते कळते, आणि नुसताच ‘बी प्लस’ असेल तर तेही कळते. ज्या विषयात मेजर करायचे आहे त्याचे कायम प्राध्यापक किती आणि गेल्या दोन सत्रांत त्यातले कोणते विषय प्रत्यक्ष शिकवले गेले, हेही विचारावे. यादीतले सगळे विषय दरवर्षी चालतातच असे नाही.

तुलना करताना गावातले पर्याय विसरू नयेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या बीए, बीएस्सीमध्येही मेजर, मायनर आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची तरतूद आली आहे. १८८० पासून चालत आलेल्या राजाराम कॉलेजात किंवा शिवाजी विद्यापीठाशी संलग्न दुसऱ्या एखाद्या कॉलेजात हवा तो विषय चांगला शिकवला जात असेल, तर बाहेर जाऊन नेमके काय जास्त मिळणार, हे विद्यार्थ्याला दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे.

पुढच्या वाटांचाही विचार करावा. यूपीएससी, एमपीएससीच्या राज्यसेवेला किंवा तीन वर्षांच्या एलएलबीला ही पदवी चालते. मात्र आपल्याकडे डॉक्टर, इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट होण्याचा रस्ता इथून जात नाही. एमएस्सी करायची असेल, तर मूळ विषयाचे पुरेसे क्रेडिट (श्रेयांक) होतील का, हे पहिल्याच वर्षी त्या विद्यापीठाच्या अटी वाचून पाहावे.

खर्चाबद्दल संकोच नको. ज्या शहरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगे उभी केली, तिथे ‘राहणे-जेवणे धरून एकूण किती?’ हे विचारण्यात कमीपणा कसला? फी, वसतिगृह, प्रवास आणि दरवर्षीची फीवाढ धरून तीन नव्हे तर चार वर्षांचा हिशेब मांडावा. शिष्यवृत्ती एकदाच मिळते की दरवर्षी ठरावीक गुणांवर टिकते, हे लेखी घ्यावे. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरील शुल्क सवलतीच्या योजना खासगी विद्यापीठाला लागू आहेत असे गृहीत धरू नये. त्या विशिष्ट अभ्यासक्रमाचे नाव सांगून चौकशी करावी.

हे सर्व बारावीच्या शेवटच्या महिन्यांत कोंबू नये. पुराची वही अकरावीच्या मे महिन्यात द्यावी, वाचनाची तपासणी जूनमध्ये आणि कॉलेजभेट दिवाळीपूर्वी करावी, कारण काही विद्यापीठांचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी सुरू होतात आणि अर्जासोबत निबंध मागितला जातो. त्या निबंधासाठी शिकवणी लावण्याची गरज नाही. बहुतेक वेळा त्याचा कच्चा खर्डा वहीच्या समासात आधीच लिहिलेला सापडतो.