गाळ्याचं टोकन देण्याआधी

परवा रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. सोबत एका बंद शटरचा फोटो. "मावशी, कोथरूडचा गाळा. उद्या टोकन देऊन टाकते, नाहीतर हातचा जाईल." मी लिहिलं, जाऊ दे. मग तासभर फोनवर तिला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते आहे. माझ्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं असंही नाही. पुण्यात कर्वेनगरातलं माझं थालीपीठ-उपम्याचं दुकान एकोणीस महिने चाललं. पदार्थ चांगले होते, अजूनही कुणी भेटलं की थालीपीठाचं नाव काढतं. चुकला तो क्रम. आधी गाळा घेतला आणि मग हिशोबाला बसले.

तेव्हा पहिलं काम म्हणजे एक शंभरपानी वही घ्यायची आणि गाळ्याच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहायचं. एकदा नाही, निदान आठ-दहा वेळा. मंगळवारी सकाळी अकराला, गुरुवारी दुपारी तीनला, शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी, आणि एकदा तरी भर पावसात. मी गाळा पाहिला तो शनिवारी सात वाजता. रस्ता नुसता फुललेला. सोमवारी दुपारी त्याच रस्त्यावर फक्त रिक्षावाले पेंगत असतात, हे मला शटर उघडल्यावर कळलं. मोजायचं तेसुद्धा अख्ख्या गर्दीला नाही. आपल्या दुकानात शिरतील अशी माणसं मोजा: ज्यांना थांबायला वेळ आहे, जी आत्ता शेजारच्या टपरीवर थांबताहेत. रस्त्याची कुठली बाजू हेही बघा. सकाळी कामाला जाणारा माणूस घाईत असतो, संध्याकाळी घरी परतणारा पिशवी भरतो, आणि मधला डिव्हायडर ओलांडून कुणी उपमा खायला येत नाही. पार्किंगची पाटी वाचा. सम-विषम तारखेचं पार्किंग असेल तर अर्धे दिवस तुमचं गिऱ्हाईक गाडी रस्त्याच्या पलीकडे लावणार. नो-पार्किंग असेल तर दुचाक्या उचलणारा टेम्पो दिवसातून किती वेळा येतो ते चहावाल्याला विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं. आधीचं दुकान का बंद पडलं, हेही त्याच्याकडूनच कळतं. मालक कधी सांगत नाही.

कॉलेजच्या किंवा स्पर्धापरीक्षेच्या मुलांवर भिस्त ठेवणार असाल तर वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा. दिवाळीला मुलं गावी, मे महिन्यात गावी. भाडं मात्र बाराही महिने द्यायचं असतं. पेठांमध्ये दुकान असेल तर गणपतीचे दहा दिवस वेगळेच: संध्याकाळी रस्ते वाहनांना बंद, त्यामुळे माल सकाळीच आत घ्यावा लागतो.

वही भरली की दुसऱ्या पानावर आकडेमोड. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगते, कारण बहुतेकजण इथेच "होईल हो सगळं" म्हणून पुढे सरकतात. समजा भाडं ३२,००० रुपये, दोन माणसांचा पगार मिळून ३४,०००, वीज आणि मेंटेनन्स ९,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार १५,०००. झाले ९०,०००. स्वतःचा पगार धरायचाच. मी धरला नव्हता, म्हणून पहिले सहा महिने धंदा फायद्यात आहे असं मला वाटत राहिलं आणि घर नवऱ्याच्या पगारावर चालत राहिलं. आता शंभर रुपयांच्या विक्रीत माल, गॅस, पॅकिंग आणि वाया गेलेलं वजा जाता समजा ४० रुपये उरतात. मग ९०,००० निघायला महिन्याला २,२५,००० ची विक्री हवी. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोजचे साधारण ८,६५० रुपये. एका माणसाचं बिल ८० रुपये होत असेल तर रोज १०८ माणसं. दहा तास दुकान उघडं, म्हणजे तासाला अकरा. आता पहिलं पान उघडा आणि फुटपाथवर उभं राहून मोजलेला आकडा बघा. पैसे मिळवायचे नंतर, एवढी माणसं आली तर तुम्ही फक्त बरोबरीत सुटता.

ते ४० रुपये तरी खरे आहेत का, हे तपासायला एक थालीपीठ वजन करून बनवा. भाजणी, कांदा, तेल, लोण्याचा गोळा, दही, कागदी प्लेट, सगळं. मार्केट यार्डातून कांदा आणला तर टेम्पोचं भाडंही त्या कांद्यावर चढवा. मी फुकट लोणी देत होते. महिन्याचा हिशोब केल्यावर ते लोणी किती महागात पडतंय हे बघून मला रडू आलं होतं.

हाताशी किती रोख हवी? सजावट, भांडी, फ्रीज, डिपॉझिट हे सगळं झाल्यावर वर सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तरच शटर उघडावं असं माझं मत आहे. फर्निचरवर हात आखडता घ्या. जुन्या सामानाच्या बाजारात हॉटेलची भांडी आणि टेबलं हिंडून घ्यावीत. बंद पडलेल्या दुकानांचंच सामान असतं ते. माझंही तिथेच गेलं असेल.

आता गाळ्याचे कागद. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, तेव्हा "अकरा महिन्यांचाच तर आहे, नोटरी करू" याला मान डोलावू नका. लॉक-इनचं, म्हणजे किती काळ गाळा सोडता येणार नाही याचं, कलम दोनदा वाचा. त्या काळात तुम्ही सोडलंत तर काय आणि मालकाने काढलं तर काय, दोन्ही लिहिलेलं हवं. भाडं दरवर्षी किती टक्के वाढणार, डिपॉझिट किती दिवसांत परत, तुम्ही घातलेली फरशी आणि ओटा जाताना कुणाचा, हेही. विजेचा मीटर व्यापारी आहे का आणि मिळकत कराची थकबाकी किती, हे पावत्या बघून ठरवा. खाण्याचा धंदा असेल तर सोसायटीच्या एनओसीत "स्वयंपाक" आणि "चिमणी" हे शब्द स्पष्ट हवेत. माझ्या एनओसीत नुसतं "व्यवसायास हरकत नाही" होतं. तिसऱ्या महिन्यात वरच्या मजल्यावरून तळणीच्या वासाची तक्रार आली, चिमणी बंद करावी लागली आणि मेनूतून भजी गेली. पावसाळ्यात, पुण्यात, भजी नसलेलं दुकान! हसू नका.

भागीदार घेणार असाल तर मैत्री घट्ट असतानाच कागद करा. करारात वाटा लिहिला नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा समान वाटला जातो, मग पहाटे पाचला पीठ कोण भिजवत होतं आणि कोण नुसतं संध्याकाळी गल्ल्यावर येऊन बसत होतं याला अर्थ उरत नाही. फर्म नोंदवलेली नसेल तर बाहेरच्या माणसाकडून करारातले पैसे वसूल करायला फर्म कोर्टात दावाही लावू शकत नाही.

उधारीचं एक सांगते. हिंजवडीतल्या एका ऑफिसची नाश्त्याची ऑर्डर मिळाली तेव्हा मी पेढे वाटले होते. रोज साठ प्लेट. बिल निघायचं महिन्याच्या शेवटी, पैसे यायचे त्यानंतर दोन महिन्यांनी. रवा-पोहे देणारा वाणी मात्र आठवड्याला रोख मागायचा. ऑर्डर जितकी वाढली तितकी मी खड्ड्यात गेले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, करून ठेवली असती तर निदान कायद्याने बोलता आलं असतं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याजासकट. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने फुकट होते. तिचे पैसे मागणारा एजंट भेटला तर नमस्कार करून निघा. मोठ्या ऑर्डरला आणि दिवाळीच्या फराळाला निम्मे पैसे आगाऊ, हा नियम मी फार उशिरा केला. त्याने एकही चांगलं गिऱ्हाईक तुटलं नाही.

बाकीचे कागद भराभर सांगते, ते अवघड नाहीत. दोन-चारच कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, तीही धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत. खाण्याचे पदार्थ घरून विकले तरी अन्न परवान्याची नोंदणी लागते आणि तिचा चौदा आकडी क्रमांक बिलावर छापावा लागतो. खाऊ घालण्याच्या धंद्याला जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, नुसता माल विकत असाल तर ही मर्यादा ४० लाख. पण फराळाचे डबे राज्याबाहेर विकायला लागलात की मर्यादा बाजूला राहते आणि नोंदणी करावीच लागते. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये लोक हमखास विसरतात. बँकेत चालू खातं वेगळं काढा, घरचा किराणा त्यातून भरू नका. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि त्यातली अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. पाटी रंगवायच्या आधी ते नाव ट्रेडमार्कच्या नोंदवहीत कुणाचं आहे का, ते ऑनलाइन शोधा.

आणि हे सगळं करायच्या आधी, गाळा न घेता विकून बघा. सोसायटीतल्या प्रदर्शनात एक टेबल मांडा, दोन रविवार. ओळखीच्यांची खरेदी वहीत लिहू नका. आत्या, काकू, शाळेतल्या मैत्रिणी पहिल्या दिवशी येतातच आणि "अगं काय सुंदर झालंय" म्हणतात. अनोळखी माणूस दुसऱ्या रविवारी परत आला तर त्याच्या नावापुढे फुली मारा. माझ्या लेखी फक्त त्याच फुल्या मोजायच्या असतात.

भाचीने टोकन दिलं नाही. रुसली आहे थोडी. पण आज दुपारी तिचा मेसेज आला, फोटो नव्हता, नुसती एक ओळ: "मंगळवार, अकरा ते बारा, सात माणसं." मी विचारलं, रविवारचे किती? म्हणाली, रविवारी जाणार आहे, तू पण ये, छत्री घेऊन.